डुकराचं आधी बूड बघावं

थांबा, नाकाला रुमाल लावू नका. मी डुकरीण बोलतेय, आणि आज मी कुणाचं नाक सांभाळून बोलणार नाही.

पोरांनी अंगाला चिखल फासला की तुम्ही त्यांना आमचं नाव घेऊन रागावता. मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी डुकराला नीट राहायला जागा दिल्यावर ते कसं राहतं ते पाहिलंय? आम्ही झोपायची जागा कोरडी ठेवतो. हागायला लांबचा एक कोपरा धरतो आणि सगळे तिथेच जातो. घाण अंगाखाली येते ती तुम्ही आम्हाला दाटीवाटीने कोंबता तेव्हा. आणि तो कोपरा, जिथे आमच्या पोटाची सगळी खबर पडलेली असते, त्याच्याकडे तुम्ही तोंड फिरवून जाता. त्या तोंड फिरवण्यापायी माझी सात पिलं गेली. मला बोलू द्या.

माझा जन्म माच्वा नावाच्या सपाट मुलखातला, सावा नदीच्या अलीकडे, लिपोवी ब्रेग नावाच्या गावात. इथे नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की घरोघरी डुक्कर कापतात, मांड्या धुराला टांगतात, चरबी कढवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो सौदा माझ्या पणजीच्याही आधीचा आहे. तुम्ही खाऊ घालायचं, आम्ही खाल्लं जायचं. पण आतडी सोलवटून, पाण्यासाठी तडफडून मरणं त्या सौद्यात कधीच नव्हतं.

मी जन्मले ती फेब्रुवारीत. आम्ही अकरा भावंडं. दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्या पाचांना पिवळं, पाण्यासारखं होऊ लागलं. शेपट्या ओल्या, मागचा भाग लाल, अंगातली ऊब निघून गेलेली. आम्ही एकमेकांच्या अंगावर चढून कुडकुडत होतो. दूध प्यायलाही उठवत नव्हतं.

तेव्हा घरात ओब्राद आबा होते. ते सकाळी कॉफीच्याही आधी गोठ्यात यायचे. त्या दिवशी ते दारातच थबकले. कमरेतून वाकले, एकेका पिलाची शेपटी उचलून पाहिली आणि ओरडले, "सूनबाई! दिवा आण, तापवायचा. आणि कोरडा पेंढा आण, पटकन!"

सून झोर्का धावत आली. नवीन लग्न झालेली, शहरातली मुलगी. तिने नाक मुरडलं.

"नाक नंतर मुरड," आबा म्हणाले. "आधी इकडे बघ. पहिल्याच आठवड्यात असं पिवळं पाणी म्हणजे गारठा आणि ओली जमीन. जंतू तर असतातच गं, पण पिलू गारठलं की त्यांचं फावतं. हे पाणी निघून जातं ना, त्यानेच पिलू मरतं. आता यांना घोट घोट पाणी पाज, मीठ-साखरेचं. मी डॉक्टरला बोलावतो."

"आबा, तुम्हाला एवढं सगळं शेपटीवरून कळतं?"

"मग काय! डुकराचं आधी बूड बघावं, मग तोंड. तोंड लबाड असतं. बादली वाजली की मरायला टेकलेलं डुक्करही कुंडीकडे धावतं. बूड खोटं बोलत नाही."

अकरातले नऊ जण वाचलो. वाचलेल्यांत मी होते.

पुढे झोर्का रोज आबांच्या मागे यायला लागली. नाक मुरडणं कधी सुटलं ते तिलाही कळलं नाही. आबा बोलताना वर बघायचेच नाहीत, नजर कोपऱ्यात. घट्ट आहे का, रंग कसा, चकाकतंय का, वास नेहमीचा की आंबट. आणि मग सावकाश आमच्या कुशी बघायचे, खपाटीला गेल्यात का म्हणून. दोन आठवड्यांच्या पिलांना पांढुरकं, मलईसारखं झालं की ते जमीन खरवडून घ्यायचे, कारण तो आजार जमिनीतूनच पुन्हा पुन्हा येतो म्हणायचे.

माझं पहिलं वेत त्यांनी पाहिलं. त्याच शरद ऋतूत ते गेले. पलंगावर गेले, झोपेत. गोठा त्यांच्या मुलाच्या, झोर्काच्या नवऱ्याच्या हाती आला, रादोवानच्या.

रादोवान दुष्ट नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं, माणसाला त्याच्याविषयी सावध तरी राहता येतं. तो घाईतला माणूस. डुकरांकडे बघण्याऐवजी शेजाऱ्याचं आपल्याकडे लक्ष आहे का ते बघणारा. दारातून मुंडकी मोजायची, बादली ओतायची, निघायचं. कोपरा ही त्याच्या मते बायकांची आणि फावड्याची गोष्ट.

त्याने दळणयंत्र आणलं. मका असा बारीक दळायचा की पिठासारखा उडायचा. "बघा, लोणी आहे लोणी," म्हणायचा. माझ्या शेजारच्या कप्प्यात माझीच बहीण होती. त्या पिठाने तिच्या पोटात व्रण पडला. ती दात खात बसायची, खाणं अर्धं सोडायची. तिचे कान आधी गुलाबी होते ते कागदासारखे पांढरे पडले. कोपऱ्यात डांबरासारखं काळं पडायला लागलं. काळं म्हणजे रक्तच, पोटात वर कुठेतरी सांडलेलं, खाली येईपर्यंत काळं झालेलं. झोर्का तीन वेळा म्हणाली, "अरे, हिचे कान बघ." तो म्हणाला, "थंडीने झालं असेल." जूनमध्ये.

एका सकाळी ती आडवी पडलेली सापडली. रादोवान म्हणाला, "हृदय बंद पडलं." हो, पडलंच. सगळ्यांचं शेवटी तेच बंद पडतं.

आता माझ्या पाचव्या वेताची गोष्ट. बारा पिलं झाली, बाराही जगली. दूध तुटल्यावर त्यांना माझ्या शेजारच्या मोठ्या कप्प्यात टाकलं. मध्ये लाकडी फळ्या. फटीतून मला सगळं दिसायचं. गुबगुबीत, भांडखोर, कान ओढणारी पोरं होती. ऑगस्टच्या शेवटी रादोवान जत्रेतून दोन डुकरं घेऊन आला. माझ्या पोरांपेक्षा थोडी मोठी, स्वस्तात मिळालेली.

ती गाडीत असतानाच झोर्काने त्यांना पाहिलं. "यांना मागच्या शेडमध्ये ठेव. महिनाभर तरी. आबा कधी नवीन जनावर सरळ आत घेत नव्हते."

"आबा, आबा! आबा गेले. आता पाहुण्यांना अंगणात झोपवायचं का?"

"पाहुण्यांनी काय आणलंय ते आधी बघावं लागतं."

"जत्रेत सगळ्यांसमोर पाहून घेतलीत. कशी उड्या मारतायत बघ."

उड्या मारत होती, खरंच. रोग अंगात घेऊन हिंडणारं डुक्कर उड्या मारू शकतं, ही गोष्ट आबांनी त्याला शंभरदा सांगितली असेल. त्याने दोघांना फळी उचलून माझ्या पोरांत ढकललं.

दोन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी मला फटीतून वास आला. माझ्या पोरांचा वास मला पाठ आहे. हा वेगळा होता, सडका आणि गोडसर. कोपऱ्यात मऊ, राखाडी, ओल्या सिमेंटसारखं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर चकाकी आली, शेंबडासारखी. तिसऱ्या दिवशी त्या चकाकीत लाल ठिपके होते.

मी फळ्यांवर डोकं आपटलं. ओरडले. रादोवान बाहेरून म्हणाला, "म्हातारीला माज आलाय."

झोर्का मात्र आत आली. माझ्याकडे नाही, सरळ पोरांच्या कोपऱ्याकडे गेली, वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग बाहेर जाऊन तिने नवऱ्याला हाक मारली. त्यांचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

"रक्त आहे. शेंबूड आहे. तिघांच्या कुशी आत गेल्यात."

"नवा मका सुरू केलाय. पोट बिघडलं असेल."

"नव्या मक्याने रक्त पडतं?"

"अगं, खातायत ना? कुंडीवर आलीच होती सगळी."

"आली होती आणि तोंड लावून परत गेली. पाण्याला चिकटून बसलीत बघ. मी डॉक्टरीणबाईंना फोन करते."

"खबरदार! डॉक्टरीण दारात दिसली की अख्ख्या गावात बोंब. रादोवानच्या गोठ्यात रोग! झिवोताकडे भुकटी आहे, ती देतो."

झिवोता म्हणजे शेजारी. त्याच्या फळीवर गेल्या वर्षीची, अर्धी राहिलेली, नाव पुसलेली भुकटी होती. कशावरची, किती द्यायची, कुणाला माहीत नव्हतं. रादोवानने मूठभर पाण्यात टाकली. दोन दिवसांत थोडं कमी झालं, तर त्याने बंदही केली. "झालं की नाही बरं?" म्हणाला. पाचव्या दिवशी रक्त परत आलं, जास्त. असं अर्धवट औषध दिलं की रोग जात नाही, पुढच्या वेळी त्याच औषधाला हसतो.

पहिलं पिलू मेलं ते सर्वांत धीट होतं. डाव्या कानावर काळा डाग असलेलं. रोज फटीतून नाक घालून मला ढुसणी द्यायचं. शेवटचे दोन दिवस त्याच्या पाठीचा कणा वर आला होता आणि मागचे पाय घाणीने लडबडले होते. तरी बादली वाजली तेव्हा ते उठलं. उठलं आणि कुंडीपाशी पोचलं नाही.

झोर्काने नवऱ्याला विचारलं नाही. फोन केला.

डॉक्टरीण स्मिल्याना जुन्या जीपमधून आली. उंच, आवाज खणखणीत. आत येण्याआधी तिने दारात बूट बदलले, बुटांवरून रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. रादोवान हात मागे बांधून उभा होता, जणू दुसऱ्याच्या गोठ्यात आलाय.

"कधीपासून?"

"दोन-तीन दिवस," रादोवान म्हणाला.

"बारा दिवस," झोर्का म्हणाली.

"उलट्या? सगळ्यांना एकदम लागलं का? या मोठ्या डुकरिणीलाही?"

"नाही. उलटी एकालाही नाही. एकेक करत लागलं. हिला काहीच नाही."

"बरं. म्हणजे एका रात्रीत अख्खा गोठा ओकायला आणि पाण्यासारखं हागायला लागतो, तो रोग नव्हे. नवीन जनावर आणलं होतं?"

 झोर्काने जत्रेतल्या त्या दोघांकडे बोट केलं. ते दोघे अजून तसे बरेच होते. फक्त त्यांच्या शेपट्या ओल्या होत्या.

डॉक्टरीणबाईने माझं मेलेलं पिलू अंगणात फळीवर घेतलं आणि उघडलं. मी दारातून पाहिलं. आईने पाहू नये म्हणतात. मी पाहिलं. तिने लहान आतडं हातावर घेतलं. "हे बघा, स्वच्छ. इथे काही नाही." मग मोठं आतडं चिरलं. ते फुगलं होतं, आतून लालभडक, वर शेंबडाचा आणि रक्ताचा थर, सोललेल्या जखमेसारखं.

"रक्ती हगवण," ती म्हणाली. "नमुना तपासायला पाठवते, पण मला शंका नाही. सगळी लक्षणं इथे लिहिलेली आहेत. राखाडी, मग शेंबूड, मग रक्त, खपाटीच्या कुशी, पाण्याची हाव, ताप थोडाच. औषध पाण्यातून द्यायचं, मी सांगते तितके दिवस, एक दिवस कमी नाही. उंदरांचा बंदोबस्त करा, ते हा रोग या कप्प्यातून त्या कप्प्यात नेतात. आणि रादोवान, नीट ऐका. इथून एकही डुक्कर बाहेर विकायचं नाही. बरं दिसलेलंही नाही. ही मोठी डुकरीणही नाही. यांच्यापैकी कोण रोग अंगात ठेवून हिंडतंय, डोळ्यांनी कळत नाही."

"हो, हो," रादोवान म्हणाला.

औषधाने फरक पडला. पण तोवर उशीर झाला होता. आणखी सहा गेली. पाच वाचली, आणि जत्रेतली ती दोघं.

आता जे सांगते त्याने मला आजही अंगभर आग लागते.

रविवारची सकाळ होती. झोर्का चर्चला गेली होती. रादोवान आत आला. हातात कोमट पाण्याची बादली आणि ब्रश. तो वाकला. आयुष्यात पहिल्यांदा वाकला! त्याने एकेका पिलाला धरलं, शेपटी उचलली आणि मागचा भाग घासून घासून स्वच्छ केला. वाळलेलं रक्त, चिकटलेला शेंबूड, सगळं बादलीत. कोपरा खरवडला, वर नवा पेंढा पसरला. दोन वर्षं मी वाट पाहत होते की या माणसाने एकदा तरी आमचं बूड बघावं. बघितलं ते पुसण्यासाठी.

कारण वूयादिन येणार होता. वूयादिन म्हणजे रादोवानचा धर्मभाऊ. रादोवानच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने हातावर घेतलं होतं. आमच्याकडे धर्मभावाचं नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं. त्याला कुणी फसवत नाही, त्याच्यासमोर कुणी खोटी शपथ घेत नाही. वूयादिन आठ वर्षं ऑस्ट्रियात विटा रचून परत आला होता आणि त्याने गावात नवा गोठा बांधला होता. त्यात डुकरं हवी होती. धर्मभावाच्या घरची.

दोघे गोठ्याच्या दारात आले. हातात राकियाचे, घरी गाळलेल्या फळांच्या दारूचे, छोटे पेले.

"काय पोरं आहेत रे!" वूयादिन म्हणाला. "जरा बारीक वाटतात."

"उन्हाळा कडक होता. तुझ्याकडे जाऊन फुगतील. नवा गोठा, नवं नशीब."

"बायको म्हणते, आधी दोनच आण. मी म्हटलं, धर्मभावाकडून आणतोय, डोळे मिटून सगळी आणतो."

मी ओरडले. इतकी ओरडले की घसा फाटला. रादोवान हसून म्हणाला, "म्हातारीला पोरं सोडवत नाहीत."

तेवढ्यात झोर्का आली. चर्चचे कपडे, डोक्याला रुमाल. तिने धर्मभावाला पाहिलं, नवा पेंढा पाहिला, पिलांची स्वच्छ बुडं पाहिली. तिला काही विचारावं लागलं नाही. दारामागे बादली होती. तिने ती उचलली आणि वूयादिनच्या पायांपुढे ठेवली.

"पेला खाली ठेव, भाऊ. आधी हे बघ."

"झोर्का!" रादोवान ओरडला. "घरात जा!"

"जाते. याने पाहिलं की जाते."

वूयादिनने बादलीत पाहिलं. गढूळ, लालसर, वर शेंबडाच्या लडी. तो शेतकऱ्याचा मुलगा, त्याला समजवावं लागलं नाही.

"किती मेली?" त्याने विचारलं. रादोवानला.

रादोवान म्हणाला, "आता बरी आहेत. डॉक्टरीणबाईंनी औषध—"

"किती?"

"सात," झोर्का म्हणाली. "आणि ही सगळी रोग घेऊन तुझ्याकडे आली असती."

वूयादिनने पेला फळीवर ठेवला. प्यायला नव्हता. "मी बूट घालून तुझ्या गोठ्यात आलो," एवढंच म्हणाला. फाटकापाशी त्याने बूट काढले, गवतावर घासले, ते हातात धरून मोज्यांवरच गाडीपर्यंत गेला.

त्या दिवशी रादोवानने झोर्काला काय काय म्हटलं, ते मी सांगणार नाही. ती एकच वाक्य म्हणाली. "गाव मला चांडाळीण म्हणू दे. सणाला त्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघायचं मला आहे, तुला नाही."

तपासणीचा कागद आला. तोच रोग. मग डॉक्टरीणबाई पुन्हा आली. ती म्हणाली, गोठा रिकामा करायचा. औषधाचे दिवस संपले की सगळी डुकरं खाटिकखान्यात, माणसाला या मांसाने काही होत नाही. मग घासणं, चुना, उंदीर, आणि महिनोन् महिने रिकामं कोरडं ठेवणं. रादोवानने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला तरी राहू द्या. हिला कधी काही झालंच नाही. आबांच्या हातची आहे."

"म्हणूनच नाही," ती म्हणाली. "हिला काही होत नाही आणि ही पुढच्या बारा पिलांना देईल."

तर ही माझी आजची अवस्था. मी धडधाकट आहे. खाते, झोपते, कुशी भरलेल्या. आणि माझ्या पोटात कदाचित माझ्याच पोरांचं मरण आहे. ते मी आणलं नाही. ते कुणी आणलं, कुणी आत ढकललं, कुणी बारा दिवस पाहिलं नाही, हे तुम्ही ऐकलंत.

गेल्या आठवड्यात घराण्याच्या संताचा सण झाला. मला इथून मेणबत्तीचा आणि भाजलेल्या पावाचा वास येत होता. रादोवान संध्याकाळपर्यंत फाटकापाशी उभा होता. वूयादिन आला नाही. कुणीच फारसं आलं नाही. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

आज खाटिकखान्याची गाडी आली आहे. रस्त्यावर तिचा आवाज थांबलाय. रादोवान आत आलाय, पुढे रुंद फळी धरून, मला गाडीच्या चढावर ढकलायला. तो हळू आवाजात म्हणतोय, "माफ कर गं म्हातारे." माफी मागायला त्याला उशीर झालाय, आणि ज्यांची मागायची ते सात जण मळ्याच्या कडेला पुरलेत. ढकलायची गरज नाही. मी माझ्या पायांनी चढेन.

तुमच्याकडे मात्र अजून वेळ आहे. तुमच्या गोठ्यात या घडीला कुणी कुशी आत ओढून, पाण्यापाशी मान टाकून बसलं असेल. कदाचित बादली वाजल्यावर ते उठेलही. त्याच्या उठण्यावर विश्वास ठेवू नका. माझी गोष्ट इथेच सोडा, बूट बदला, जा आणि वाका.